धाराशिवच्या बायकांचे ऋण

१९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, गावोगावच्या बायकांना एक बोलावणे गेले. तिशी ओलांडलेल्या आणि साठी न गाठलेल्या बायकांनी यावे, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्यावी. बोलावणारे होते बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या ल्यों शहरातली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था. गावांचे ५२ गट पाडले होते. त्यांत मिळून १ लाख ३१ हजार ७४६ बायकांची नोंद झाली. ज्या भागात बाळंतपणाखेरीज बाई दवाखान्याची पायरी चढत नाही, चढली तरी पदर तोंडाशी धरून बोलते, तिथल्या बायका शेतातले काम टाकून आल्या, टेबलावर झोपल्या, तपासणी करू दिली. ज्यांना बोलावले त्यांतल्या पाचांपैकी जवळजवळ चार जणी आल्या.

एका गटात गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला कारण होणाऱ्या एचपीव्ही या विषाणूची चाचणी झाली. दुसऱ्यात पेशी काचपट्टीवर घेऊन पाहण्याची पॅप तपासणी, तिसऱ्यात सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे पातळ व्हिनेगर, लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची. चौथ्या गटाला यातले काही दिले नाही, नेहमीची आरोग्यसेवा तेवढी चालू राहिली. आठ वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा तपासणी न झालेल्या गटात या कॅन्सरने ६४ बायका गेल्या होत्या. ज्या गटात विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच झाली होती, तिथे ३४. २००९ साली हे निष्कर्ष न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आले. एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, ही गोष्ट जगाला तुळजापूर-उमरग्याच्या टापूतल्या बायकांनी शिकवली. पुढे देशोदेशी पॅप तपासणीच्या जागी विषाणूची चाचणी आणायची की नाही यावर चर्चा झाल्या, तेव्हा हा पुरावा टेबलावर होता.

चौथ्या गटाविषयी तेव्हाही प्रश्न विचारले गेले. एकतीस हजारांहून अधिक बायकांना तपासणीवाचून ठेवणे योग्य होते का? तुलनेशिवाय पुरावा उभा राहत नाही हे मला कळते, आणि तरीही त्या ६४ जणींचा विचार मनातून जात नाही. म्हणून या प्रस्तावनेची सुरुवात त्यांच्यापासून केली आहे. एचपीव्हीविषयी, त्याच्या तपासणीविषयी आणि लशीविषयी आज जे काही ठामपणे सांगता येते, त्यातला मोठा भाग बायकांच्या आणि मुलींच्या शरीरांनी दिलेला आहे. त्यांतल्या कितीतरी जणींना आपण काय दिले हे कधी कुणी सांगितले नाही. काहींना तर आधी विचारलेही नाही.

आता दुसरा आकडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारले होते की तुमची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी कधी झाली आहे का. देशभरात हो म्हणणाऱ्या होत्या १.९ टक्के. शंभरांत दोनही नाहीत. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात या कॅन्सरचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण होते आणि सुमारे ८० हजार मृत्यू. जगात साडेतीन लाख मृत्यू, त्यांतले जवळजवळ पाव आपल्या घरांतले. ज्ञान आपल्याकडून गेले, साऱ्या जगाने वापरले, आणि ज्यांच्याकडून गेले त्यांच्या उंबऱ्यापर्यंत ते परत आले नाही.

ते का आले नाही याची कारणे पैशांची आहेत, मनुष्यबळाची आहेत, सरकारी प्राधान्यक्रमांची आहेत. पण एक कारण भाषेचे आहे, आणि माझ्या मते ते सर्वांत कमी ओळखले गेलेले आहे. गेली काही वर्षे मी बचतगटांच्या बैठकांत आणि शाळांच्या पालकसभांत या विषयावर बोलते आहे. पहिल्याच बैठकीत माझ्या लक्षात आले की ज्या अवयवाविषयी मी बोलत होते त्याला समोरच्या बायकांकडे वेगळे नावच नव्हते. गर्भाशयग्रीवा हा पुस्तकातला शब्द, सर्व्हिक्स डॉक्टरांचा. बायकांकडे एकच शब्द आहे, पिशवी. पिशवीला सूज आहे, पिशवी खाली आली आहे, पिशवी काढली. त्यातला नेमका कोणता भाग, कशाने बिघडतो, बिघडण्याआधी कसा पाहता येतो, हे सगळे त्या एका शब्दात गडप होते. शेवटी एका नर्सताईंनी मला शब्द दिला, ‘पिशवीचे तोंड’. तेव्हापासून मी पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर असेच म्हणते आणि समोरचे चेहरे लगेच बदलतात.

नाव नसण्याची किंमत केवढी असते हे बीड जिल्ह्याने दाखवले. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जात असल्याचे उघड झाल्यावर २०१९ साली राज्य सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजार ३०९ बायकांपैकी १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येकींची तक्रार एवढीच होती की अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते, पाळीत फार त्रास होतो. त्यांना सांगितले गेले की पिशवी ठेवलीत तर कॅन्सर होईल. फडातला एक दिवसाचा खाडा ज्यांना परवडत नाही, त्यांनी कर्ज काढून ऑपरेशन करून घेतले. म्हणजे कॅन्सरची भीती या बायकांपर्यंत पोहोचली होती, चांगली खोलवर पोहोचली होती. काही मिनिटांत होणारी तपासणी मात्र पोहोचली नव्हती. लोकांना या रोगाची जाणीव नाही असे जे सरसकट म्हटले जाते ते मला म्हणूनच पटत नाही. जाणीव आहे, पण ती अर्धी आहे, आणि त्या अर्ध्या जाणिवेवर इतरांनी आपली पोळी भाजून घेतली आहे.

तेव्हा आधी रोगाविषयी. एचपीव्ही हे एका विषाणूचे नाव नाही, दोनशेहून अधिक प्रकारांचे ते मोठे खटले आहे. हातापायांवर उठणारी साधी चामखीळ याच कुटुंबातल्या काही प्रकारांमुळे येते, हे सांगितले की बैठकीतला ताण निम्मा उतरतो, कारण चामखीळ कुणाच्या चारित्र्याशी जोडलेली नसते. यांतले डझनभर प्रकार कॅन्सरकडे नेऊ शकतात, आणि त्यांतही १६ आणि १८ क्रमांकाचे दोन प्रकार जगातल्या सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाच्या कॅन्सरना कारणीभूत आहेत. लैंगिक आयुष्य सुरू झालेल्या बहुतेक स्त्रियांना आणि पुरुषांना यांतला एखादा प्रकार कधी ना कधी गाठतोच. शरीर त्याला बहुतेक वेळा वर्षा-दोन वर्षांत हुसकावून लावते, आणि तो आला होता हे कळतही नाही. थोड्या जणींमध्ये तो ठाण मांडून बसतो. तिथून पेशी बिघडत बिघडत कॅन्सर व्हायला बहुधा १५ ते २० वर्षे लागतात. इतका सवडीचा रोग दुसरा क्वचितच असेल. वाटेत अनेक वेळा त्याला अडवता येते. तरीही या कॅन्सरच्या आपल्याकडच्या बहुतेक रुग्ण दवाखान्यात येतात त्या उशिरा, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसू लागल्यावर, आणि तेही काही महिने कुणाला न सांगता काढल्यावर.

लैंगिक संबंधांतून पसरणारा, या तीन शब्दांपाशी बहुतेक संवाद तुटतो. हा शोध लागला तोही असाच अडखळत. १८४२ साली रिगोनी-स्टर्न नावाच्या इटालियन वैद्याने व्हेरोना शहरातल्या मृत्यूंच्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा मठातल्या जोगिणींना गर्भाशयाचा कॅन्सर फार क्वचित झाल्याचे त्याला दिसले. संसारी बायकांना जे होते ते जोगिणींना होत नाही, म्हणजे कारण संबंधांत असणार, इथवर येऊन गाडी शंभराहून अधिक वर्षे थांबली. त्या वर्षांत बाईच्या वागण्यावर, तिच्या स्वच्छतेवर, तिच्या बाळंतपणांच्या संख्येवर बोट ठेवले गेले. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८३ साली एचपीव्ही १६ आणि पुढच्या वर्षी १८ वेगळा करून दाखवला. या कॅन्सरमागे एचपीव्ही आहे हे त्यांचे म्हणणे आधी वर्षानुवर्षे कुणी मनावर घेतले नव्हते. २००८ साली त्यांना नोबेल मिळाले.

या शोधाच्या वाटेवरही एक बाई उभी आहे. १९५१ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स ही कृष्णवर्णीय, पाच मुलांची आई गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने दाखल झाली. तिच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता काढून घेतल्या गेल्या. त्या पेशी प्रयोगशाळेत मरेनात, वाढतच राहिल्या. हीला या नावाने त्या आजही जगभर वापरल्या जातात. तिला ज्याने मारले तो एचपीव्ही १८ तिच्याच पेशींत नंतर सापडला. ती त्याच वर्षी एकतिसाव्या वर्षी गेली, आणि तिच्या पेशी जिवंत आहेत हे तिच्या घरच्यांना कळायला दोन दशके जावी लागली.

आपल्याकडे या विषयावर उघड बोलण्याची परंपरा नाही असे नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवले. लैंगिक आरोग्याविषयी मराठीत, सरळ शब्दांत, दर महिन्याला. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्वे तो खटला हरले. मासिक मात्र निघत राहिले. ज्या भाषेत नव्वद-शंभर वर्षांपूर्वी हे धाडस झाले, त्या भाषेत आजच्या आईला आपल्या मुलीशी या लशीबद्दल बोलायला शब्द सापडू नयेत, ही आपल्या पिढ्यांची कसूर आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करायला हवी, कारण ती बैठकीत उघडपणे कुणी विचारत नाही. सगळ्या उठून गेल्या की चपला घालता घालता एखादी मागे रेंगाळते आणि हळू आवाजात म्हणते, “ताई, माझं तर एकाच नवऱ्याशी लग्न झालं, मला कसा होईल?” होऊ शकतो. एकनिष्ठ बाईला तो नवऱ्याकडून येऊ शकतो, आणि नवऱ्याला लग्नाआधी, वीस वर्षांपूर्वी कधी आला असेल तर त्यालाही त्याचा पत्ता नसतो. चाचणीत हा विषाणू सापडणे म्हणजे कुणाच्या वर्तनाचा दाखला नव्हे. हे वाक्य बैठकीत मी दोनदा म्हणते.

आता लस. आपल्या भाषेत लस टोचण्याला एकेकाळी ‘देवी काढणे’ म्हणत. आजीच्या दंडावरचा तो गोल व्रण पाहिलेले वाचक अजून आहेत. भारतातली देवीची पहिली लस मुंबईत टोचली गेली, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तिच्या हातावरच्या फोडातली लस पुढच्या मुलांना दिली आणि तशीच हातोहाती ती मुंबईबाहेर गेली. म्हणजे इथेही सुरुवात एका मुलीच्या दंडापासून झाली. पुढे प्लेगच्या साथीत वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईतच लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोकांचा विश्वास कसा मिळवावा याचा हा धडा परळच्या हाफकिन संस्थेच्या नावात आजही आहे.

एचपीव्हीची लस या जुन्या लशींपेक्षा वेगळी आहे. तिच्यात विषाणू नसतो, मेलेला नाही की अर्धमेलाही नाही. ऑस्ट्रेलियात इयन फ्रेझर आणि जियान झोऊ यांनी १९९१ च्या सुमारास विषाणूच्या नुसत्या बाहेरच्या कवचाचे प्रथिन प्रयोगशाळेत जुळवून दाखवले. खोबरे-पाणी काढून टाकलेली करवंटी जशी बाहेरून नारळासारखी दिसते, तसे हे कवच. शरीर त्याला ओळखते, त्याच्याविरुद्ध तयारी करते, पण आत काही नसल्याने संसर्ग होणे शक्य नाही. पहिली लस २००६ साली बाजारात आली. ऑस्ट्रेलियाने २००७ साली ती शाळकरी मुलींना सार्वत्रिक देणे सुरू केले, आणि २०१३ पासून मुलग्यांनाही. रवांडासारख्या गरीब देशाने २०११ साली सुरुवात करून नव्वद टक्क्यांहून अधिक मुलींपर्यंत ती नेली. आता त्या पहिल्या मुली मोठ्या झाल्या आहेत. इंग्लंडमध्ये बारा-तेराव्या वर्षी लस घेतलेल्यांमध्ये हा कॅन्सर ८७ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ साली दिसले. स्कॉटलंडमध्ये त्या वयात पूर्ण लस मिळालेल्या मुलींत एकही पसरलेला गर्भाशयमुखाचा कॅन्सर सापडला नाही, हे २०२४ साली प्रसिद्ध झाले.

असे असताना लोक का कचरतात? याचे उत्तर देताना आपल्या देशातले एक पान झाकून ठेवण्याची पद्धत पडली आहे. मला ती घातक वाटते. ते पान उघडून ठेवूनच बोलले पाहिजे.

२००९ साली आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत पाथ या अमेरिकी संस्थेने, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राज्य सरकारांसह, दहा ते चौदा वर्षांच्या सुमारे २३ हजार मुलींना ही लस देण्याचा प्रकल्प चालवला. खम्ममच्या मुलींपैकी पुष्कळ आदिवासी, आश्रमशाळांत राहणाऱ्या. प्रकल्पाच्या काळात सात मुली मरण पावल्या. एप्रिल २०१० मध्ये सरकारने प्रकल्प थांबवला. चौकशीत बहुतेक मृत्यूंची कारणे पुढे आली: खाणीच्या पाण्यात बुडणे, सर्पदंश, मलेरिया, कीटकनाशक पिऊन केलेल्या आत्महत्या. लशीशी या मृत्यूंचा संबंध दिसत नाही, असे चौकशी समितीने म्हटले. पण याच चौकशीत दुसरेही निघाले. कित्येक मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. कुठे अंगठे होते पण साक्षीदार नव्हते. त्रास झाला तर तो नोंदवण्याची व्यवस्था कच्ची होती. २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने अत्यंत कडक शब्दांत यावर ताशेरे ओढले.

लशीने त्या मुलींना मारले नाही. हे खरे आहे. प्रकल्पातल्या कित्येक मुलींच्या आयांना कुणी विचारले नाही, हेही तितकेच खरे आहे. पहिले सांगून दुसरे लपवणाऱ्यांवर लोक विश्वास ठेवत नाहीत, आणि त्यांनी तो ठेवावा असेही मला वाटत नाही. पालकसभेत एखादा बाप मोबाइल पुढे करून म्हणतो, “हे बघा, सात मुली मेल्या होत्या,” तेव्हा त्याला अडाणी ठरवणारा डॉक्टर लशीचे नुकसान करतो. त्याने पुरते वाचलेले नसते, पण त्याने विचारलेला प्रश्न रास्त असतो. त्याला सगळे सांगावे, सातही मृत्यूंविषयी जे कळले ते आणि त्या सह्यांची गोष्टही. माझा अनुभव असा की सगळे ऐकल्यावर असे बाप बहुधा होकार देतात.

त्या वेळच्या थांबण्यातून एक अनपेक्षित गोष्ट घडली. त्याच सुमारास बार्शी, पुणे, मुंबई यांसह देशातल्या अनेक केंद्रांवर एक वेगळी चाचणी चालू होती. दोन डोस पुरतील की तीन लागतील हे त्यात तपासायचे होते. खम्ममनंतर सरकारने सगळेच लसीकरण थांबवायला सांगितले, तेव्हा सुमारे १७ हजार ७०० मुलींना लस मिळालेली होती. कुणाला तीन, कुणाला दोन, आणि चार हजारांहून अधिक जणींना एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी या मुलींना सोडले नाही, वर्षानुवर्षे त्यांची विचारपूस करत राहिले. २०२१ साली लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत निष्कर्ष आले: १६ आणि १८ प्रकारांच्या चिवट संसर्गापासून एका डोसनेही सुमारे ९५ टक्के संरक्षण दहा वर्षे टिकले होते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयासाठी एक डोसही चालेल असे सांगितले, त्यामागच्या महत्त्वाच्या पुराव्यांत या मुली आहेत. एका डोसमुळे गरीब देशांचा खर्च आणि दुसऱ्यांदा बोलावण्याची यातायात वाचली. आज आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यात एका टोचणीत काम भागते, त्यात बार्शीच्या मुलींचाही वाटा आहे.

कचरणे हा काही केवळ आपला दोष नाही. जपानने एप्रिल २०१३ मध्ये ही लस नेहमीच्या लसीकरणात घेतली. काही मुलींना वेदना आणि झटके येत असल्याच्या चित्रफिती दूरचित्रवाणीवर झळकल्या आणि दोनच महिन्यांत सरकारने लशीची शिफारस करणे थांबवले. सत्तर टक्क्यांवरचे प्रमाण एक टक्क्याखाली गेले. लशीशी संबंध सिद्ध झाला नाही, तरी शिफारस परत यायला २०२२ साल उजाडले. डेन्मार्क आणि आयर्लंडमध्येही असेच घडले, पण तिथे लोक लवकर सावरले. आयर्लंडमध्ये लॉरा ब्रेनन या तरुणीने, स्वतःला हा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात झालेला असताना, घरोघरच्या आईबापांशी बोलण्याचे काम अंगावर घेतले. २०१९ च्या मार्चमध्ये सव्विसाव्या वर्षी ती गेली. ती बोलायला लागल्यावर तिथले लसीकरण पुन्हा वाढले.

आपल्याकडे सिक्कीमने २०१८ साली राज्यभर लस दिली आणि नव्वद टक्क्यांहून अधिक मुलींपर्यंत पोहोचून दाखवले. तिथे आधी शिक्षकांशी, मग पालकांशी, मग वार्ताहरांशी बोलणे झाले होते, टोचणी त्यानंतर. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही देशी लस २०२२ साली मंजूर झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. तेव्हा तिची बाजारातली किंमत सुमारे दोन हजार रुपये होती. १ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याची घोषणा झाली. दुसऱ्याच दिवशी एका अभिनेत्रीचा याच कॅन्सरने मृत्यू झाल्याची बातमी पसरली आणि तिसऱ्या दिवशी ती जाणूनबुजून उठवलेली आवई निघाली. जनजागृतीसाठी केले, असे समर्थन झाले. मला ते अजिबात मान्य नाही. ज्या घरातून या रोगाने खरोखर बाई गेली आहे, त्या घरासमोर हे समर्थन करून दाखवावे.

पालकांचे प्रश्न फार नसतात, तेच तेच असतात, आणि त्यांची उत्तरे थोडक्यात देता येतात. इतक्या लहानपणी का? कारण ही लस आलेला विषाणू घालवू शकत नाही, येण्याआधी अडवते, आणि नऊ ते चौदा या वयात शरीर तिला सर्वांत चांगला प्रतिसाद देते. गोवराची लसही आपण गोवर यायची वाट पाहून देत नाही. मुलगी पुढे बिघडेल का? लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलींच्या वागण्याचा अभ्यास अनेक देशांत झाला, फरक आढळला नाही. मूल होईल ना? ही शंका सर्वांत खोलवर बसलेली आहे, कारण कुटुंबनियोजनाच्या शिबिरांच्या आठवणी अजून ताज्या आहेत. लशीचा वंध्यत्वाशी संबंध आढळलेला नाही. उलट कॅन्सरपूर्व बदलांवरच्या शस्त्रक्रियांनी आणि कॅन्सरच्या उपचारांनी मातृत्व धोक्यात येते. त्रास? दंड दुखतो, सुजतो, कधी ताप येतो. काही मुलींना टोचताना भोवळ येते, म्हणून नंतर पंधरा मिनिटे बसवून ठेवतात. मुलग्यांना? हा विषाणू पुरुषांनाही घसा, गुदद्वार आणि लिंगाचा कॅन्सर करू शकतो. पुरवठा पुरेसा असेल तिथे मुलग्यांनाही लस द्यावी असे माझे मत आहे. आणि लस घेतली की तपासणी नको, असे मात्र नाही. लस काही प्रकारांपासून वाचवते, सगळ्यांपासून नाही.

एक प्रश्न मात्र पालकसभांत जवळजवळ कधीच येत नाही, तो मुलीचा स्वतःचा. आपण आईला समजावतो, बापाची सही घेतो, शिक्षकांना पत्र देतो, आणि जिच्या दंडाला सुई टोचायची तिला “डोळे मीट” एवढेच सांगतो. बारा वर्षांच्या मुलीला पाळीविषयी शाळेत सांगितलेले असते. तिला पिशवीचे तोंड म्हणजे काय, तिथे कोणता आजार होऊ शकतो आणि ही लस तो कसा अडवते, हे दहा मिनिटांत सांगता येते. सांगितलेले तिला कळते. ती घरी जाऊन आईला विचारते, “आई, तुझी तपासणी झाली का?” हे मी प्रत्यक्ष घडताना पाहिले आहे. त्या आई दुसऱ्या आठवड्यात उपकेंद्रात आल्या होत्या.

हे पुस्तक अशा घरांसाठी आहे. आशाताई, नर्सताई, शाळेतल्या बाई, बचतगटाच्या अध्यक्षा, आणि लशीबद्दल मनात शंका असलेले आईबाप, यांनी ते वाचावे. ज्यांना लस नको वाटते त्यांनी तर आधी वाचावे. पुढच्या पानांत जे आहे ते आपल्या बोलीत सांगावे, पुस्तकातले शब्द अडले तर आपले वापरावेत. खम्ममचे पान वगळू नये.

आणि वाचकांना एक विनंती. पुस्तक खाली ठेवाल तेव्हा तुमच्या घरात तिशी ओलांडलेली जी बाई असेल, आई, बहीण, बायको, वहिनी, सासूबाई, घरकामाला येणारी मावशी, तिला विचारा की तिची तपासणी कधी झाली आहे का. बहुधा ती नाही म्हणेल. मग तिच्याबरोबर जा.